उत्तम रिसिव्हर कोणता? भद्रावतीच्या आकाशाखाली तीन जुन्या रेडिओंची तुलना

१.
जुन्या ध्वनियंत्रांच्या शौकिनांत एक प्रश्न कधीच जुना होत नाही: घरी बसून ऐकण्यासाठी सर्वांत उत्तम रिसिव्हर कोणता? उत्तरेही ठरलेली असतात. कोणी मरांट्झचे नाव घेतो, कोणी पायोनियरचे, कोणी सान्सुईचे. मग वॅट मोजले जातात, कॅबिनेटच्या लाकडाची वाखाणणी होते, डायलच्या निळ्या प्रकाशाचे वर्णन होते. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की रिसिव्हर लावला म्हणजे त्यावर काहीतरी लागणारच.

हे गृहीतक न्यूयॉर्कमध्ये किंवा टोकियोत खरे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीत ते कित्येक वर्षे खरे नव्हते. म्हणूनच हा प्रश्न भद्रावतीत विचारून पाहिला, तर तो यंत्रांचा न राहता इतिहासाचा होतो. आजच्या धाग्यात तेच करायचे आहे.

२.
प्रथम गाव. भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वेस्थानकाच्या पाटीवर आजही तेच आहे. इतिहासाचे विद्यार्थी येथे येतात ते विजासन टेकडीतील बौद्ध लेण्यांसाठी. श्रद्धाळू येतात भद्रनागाच्या आणि पार्श्वनाथाच्या मंदिरांसाठी. पण गेल्या शतकातील भद्रावती ही या दोन्हींहून वेगळी आहे. आसपासच्या कोळसा खाणी, साठच्या दशकात उभी राहिलेली आयुध निर्माणी, कुंभारकामाला नवे जीवन देऊ पाहणारा ग्रामोदय संघ आणि या सर्वांच्या पलीकडे पसरलेले जंगल. पगारदार कामगार, शेतकरी आणि वनोपजावर जगणारा माणूस एकाच आठवडी बाजारात भेटावा, असे हे गाव.

ऐकण्याच्या दृष्टीने मात्र भद्रावतीची ओळख दोन अंतरांत सांगता येते. नागपूर सुमारे सव्वाशे किलोमीटर उत्तरेला. चंद्रपूर पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेला. या गावाच्या कानांवर काय पडेल आणि काय पडणार नाही, हे बऱ्याच अंशी या दोन आकड्यांनी ठरवले.

३.
आता एक घर कल्पावे. ते भद्रावतीत असेल, वरोऱ्यात असेल किंवा बल्लारपुरातही असेल. घराची वाटणी झाली आहे, माळा रिकामा करायचा आहे आणि माळ्यावर तीन यंत्रे निघाली आहेत. पहिला, आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ: लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचे कापड, काचेवर गावांची नावे. दुसरा, वडिलांचा ट्रान्झिस्टर: चामडी वेष्टन, खांद्याचा पट्टा, मागे सेलची खोबण. तिसरा, आखाती देशातून परतलेल्या काकांनी आणलेला जपानी स्टिरिओ रिसिव्हर: जड, चंदेरी, बटणांनी भरलेला.

दुरुस्तीसाठी पैसे एकाचेच आहेत. उरलेले दोन भंगारात जाणार. काकांचे मत स्पष्ट आहे: "माझाच करा. त्या लाकडी खोक्यात आता काय उरलंय?" आत्या म्हणते, "त्या खोक्यापुढे बसूनच आपण मोठे झालो, दादा." आणि आजी काही बोलत नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नाही.

हा वाद कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही. पण असे वाद आज शेकडो घरांत होत आहेत, आणि त्यांच्या निकालावर विसाव्या शतकातील श्रवणाचा पुरावा उरणार की नाही, हे ठरते आहे. म्हणून तिन्ही यंत्रांची नीट तुलना करणे आवश्यक आहे.

४.
पहिले यंत्र. व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. आतील काचेच्या नळ्यांमधील तारा तापायला काही क्षण जात. आधी डायलचा दिवा पेटे, मग मंद घुमणे ऐकू येई, आणि मग आवाज जणू दुरून चालत खोलीत येई. अनेक सेटांवर एक हिरवा डोळा असे. स्टेशन नेमके लागले की त्या डोळ्यातील सावली मिटत जाई. अचूक स्टेशन लावता यावे, अशी ही योजना होती.

या सेटांची नावे मराठी घरांना पाठ होती: मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, नॅशनल एको. मर्फी ही मुळात १९२९ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली कंपनी. भारतात मात्र तिची ओळख बनली ती जाहिरातीतील ओठांवर बोट ठेवलेले बाळ. नॅशनल एको ही १९४० मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी पुढे नेल्को या नावाने टाटा समूहात वाढली.

बहुतेक सर्व सेटांच्या आत तत्त्व एकच होते: सुपरहेटरोडाइन. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ मध्ये ते मांडले. येणारी कोणतीही लहर आधी एका ठराविक मधल्या कंप्रतेवर आणायची आणि तेथे तिला वाढवायचे, ही ती कल्पना. त्यामुळे दूरचे क्षीण स्टेशनही शेजारच्या बलवान स्टेशनापासून वेगळे काढता येऊ लागले. आर्मस्ट्राँगचे नाव लक्षात ठेवावे. तिसऱ्या यंत्रापाशी तो पुन्हा भेटणार आहे.

५.
या सेटावर भद्रावतीत काय लागे? नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते, म्हणून केंद्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतून बोलत असे. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून चालते आणि अंतराबरोबर क्षीण होत जाते. सव्वाशे किलोमीटरवर चांगला सेट आणि चांगले एरियल असले, तर आवाज समाधानकारक मिळे. म्हणूनच घरात तांब्याच्या जाळीची पट्टी भिंतीच्या वरच्या कडेने ताणलेली असे, किंवा दोन बांबूंमध्ये तार बांधलेली असे.

सूर्य मावळला की खेळ बदले. वातावरणातील ज्या थरामुळे दिवसा मध्यम लहरी शोषल्या जातात तो थर रात्री विरतो आणि त्या लहरी वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लघुलहरी तर याच मार्गाने हजारो किलोमीटर प्रवास करतात. म्हणून रात्री काचेवरची गावे एकेक करून जिवंत होत.

त्यांतले सर्वांत आवडते गाव होते कोलंबो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी तेथे शक्तिशाली प्रक्षेपक उभारला गेला होता. युद्धानंतर तो सिलोनकडे आला. इकडे भारतात १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीते आकाशवाणीच्या दर्जाला साजेशी वाटत नसत. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आधार मोलाचा होता, पण चित्रपटगीते हटली आणि श्रोता सुई फिरवून सिलोनकडे गेला. ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला ही त्या वळलेल्या सुईचीच कहाणी आहे. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, तीही याच सुईला परत आणण्यासाठी. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या केंद्रांत मुंबई आणि पुण्याबरोबर नागपूरही होते.

येथे तुलनेचा पहिला निष्कर्ष निघतो. ज्या सेटाला लघुलहरी नव्हत्या, तो सेट पन्नासच्या दशकातील विदर्भात अर्धा बहिरा होता, मग त्याचा आवाज कितीही गोड असो.

६.
लघुलहरींचे महत्त्व गाण्यांपुरते नव्हते. आकाशवाणी सरकारची होती. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७, सरकारी बातमीला पर्याय ऐकायचा असेल तर बीबीसीच्या हिंदी सेवेसारखे स्टेशन लघुलहरींवर शोधावे लागे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी आकाशवाणीने संध्याकाळी सहा वाजता अधिकृतपणे दिली. परदेशी केंद्रे ती दिवसाच देऊन चुकली होती. ज्या घरात लघुलहरींचा सेट होता, त्या घराला एकाच दिवसाची दोन वृत्ते मिळत. ज्या घरात नव्हता, त्याला एकच.

म्हणजे रिसिव्हरची क्षमता ही केवळ तांत्रिक बाब नव्हती. कोणाला किती सत्य उपलब्ध आहे, याची ती मर्यादा होती.

७.
राज्यसंस्थेला हे ठाऊक होते. म्हणून रेडिओ बाळगणे हाच परवान्याचा विषय होता. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला आणि परवान्याविना रिसिव्हर जवळ ठेवणे गुन्हा ठरले. स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था टिकली. वर्षातून एकदा पोस्टात जायचे, शुल्क भरायचे, परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात टप्प्याटप्प्याने हा परवाना संपला.

तरुण वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी पुस्तिका असेल, तर ती रद्दीत टाकू नये. तिच्यात परवानाधारकाचे नाव आहे, पत्ता आहे, पोस्टाचा शिक्का आहे आणि वर्षागणिक भरलेल्या शुल्काची नोंद आहे. एखाद्या वर्षीचे तिकीट नसेल, तर त्या वर्षी काय झाले असावे? दुष्काळ, बदली, आजारपण की फक्त विसर? घराच्या अर्थकारणाचा इतका नियमित दस्तऐवज सामान्य माणसाच्या हाती क्वचित असतो.

८.
दुसरे यंत्र. ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला बाजारी रेडिओ अमेरिकेत १९५४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये सोनीने आपला काढला. साठच्या दशकात तो भारतीय घरांत शिरू लागला.

ध्वनीच्या कसोटीवर तो आजोबांच्या सेटापुढे उभा राहू शकत नव्हता. लहान स्पीकर, पातळ आवाज, मंद्र सप्तक जवळजवळ नाहीच. पण भद्रावतीच्या पलीकडे, गडचिरोलीच्या दिशेने जसजसे जंगल दाट होते, तसतशी वीज विरळ होत गेलेली होती. व्हॉल्व्हचे बॅटरीवर चालणारे सेटही होते, पण त्यांना नव्वद व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी लागे. ती महाग, जड आणि लवकर संपणारी. ट्रान्झिस्टरला मात्र टॉर्चचे चार सेल पुरत आणि ते आठवडी बाजारात मिळत.

त्याने आणखी एक बदल केला, ज्याची नोंद वॅटमध्ये होत नाही. लाकडी सेट बैठकीत असे. तो कोणी लावायचा आणि कोणते स्टेशन लावायचे, हे बहुधा घरातील कर्ता पुरुष ठरवी. ट्रान्झिस्टर उचलून नेता येई. तो स्वयंपाकघरात गेला, शेताच्या बांधावर गेला, वनरक्षकाच्या चौकीत गेला. सुई प्रथमच दुसऱ्या कोणाच्या हाती आली. माळ्यावरच्या तीन यंत्रांपैकी आजीचे यंत्र कोणते, हे विचारले असते तर तिने कदाचित याच्याकडे बोट दाखवले असते.

९.
येथे थोडे थांबून एका प्रयोगाची आठवण करायला हवी. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली गेली. गावकरी एकत्र बसत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि पुढे विकाससंवादाच्या अभ्यासात हा प्रयोग जगभर उद्धृत झाला.

त्या पाच जिल्ह्यांत चांदा नव्हता. असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. पण प्रयोगाचा धडा सर्वत्र लागू होता: रिसिव्हरची गुणवत्ता ही त्याच्यापुढे कोण आणि कसे बसते यावरही ठरते. चावडीतील एक साधा सेट, ज्यापुढे वीस जण ऐकून वाद घालतात, तो एकांतात वाजणाऱ्या महागड्या यंत्राहून अधिक काम करू शकतो.

१०.
आता तिसरे यंत्र, ज्याच्यासाठी जगभर इतकी चर्चा चालते. रिसिव्हर या शब्दाचा शौकिनांच्या भाषेतील अर्थ असा: रेडिओचा ट्यूनर आणि दोन वाहिन्यांचा अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. स्पीकर वेगळे, रेकॉर्डप्लेयर आणि टेपडेक मागून जोडायचे.

त्याचा जीव होता एफएम. आर्मस्ट्राँग येथे परत येतो. वीज चमकली किंवा मोटार सुरू झाली की साध्या रेडिओत होणारी खरखर त्याला सहन होत नसे. लहरीची उंची बदलण्याऐवजी तिची कंप्रता बदलून ध्वनी पाठवला तर खरखर जवळजवळ नाहीशी होते, हे त्याने सिद्ध केले आणि १९३३ मध्ये त्याची पेटंटे घेतली. १९६१ मध्ये अमेरिकेने स्टिरिओ एफएमच्या पद्धतीला मान्यता दिली. मध्यम लहरींवर साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी येत असे, एफएमवर पंधरा हजारांपर्यंत. सतारीच्या तरफांचा झंकार या दोन आकड्यांच्या मधल्या प्रदेशात राहतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकी बाजारासाठी कंपन्यांत वॅटची स्पर्धा लागली. आकडे इतके फुगवले जाऊ लागले की १९७४ मध्ये तेथील व्यापार आयोगाला शक्ती कशी मोजावी याचा नियम करावा लागला. त्या नियमानंतरच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. मरांट्झचा २२७० प्रत्येक वाहिनीला ७० वॅट देई. १९७८ च्या सुमारास पायोनियरचा एसएक्स-१९८० तब्बल २७० वॅटवर पोहोचला. घराच्या बैठकीत सामान्य आवाजात ऐकताना प्रत्यक्षात काही थोडे वॅटच खर्च होतात. उरलेले मुख्यतः अभिमानासाठी असतात.

११.
भारतात ही यंत्रे सहज मिळत नव्हती. आयातीवर कडक निर्बंध आणि भारी सीमाशुल्क होते. देशी कंपन्या स्टिरिओ बनवत होत्या, जसे मुंबईची कॉस्मिक किंवा १९७० पासूनची कोलकात्याची सोनोडाइन. पण जपानी रिसिव्हर घरी असणे म्हणजे कोणीतरी परदेशी कष्ट करून आला आहे, असा त्याचा अर्थ असे. बहुतेकांनी टू-इन-वन आणला, एखाद्याने हौसेने रिसिव्हर. काकांच्या यंत्राचे खरे मोल त्या वर्षांत आहे, जी त्यांनी घरापासून दूर काढली. त्यांचा आग्रह समजून घ्यायचा तर हे विसरून चालणार नाही.

आणि आता या तुलनेतील सर्वांत विलक्षण वस्तुस्थिती. भारतातील पहिले एफएम प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासमध्ये सुरू झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे विदर्भाच्या जंगलपट्ट्यात एफएमवर ऐकण्यासारखे काही नव्हते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भद्रावतीत आलेल्या स्टिरिओ रिसिव्हरच्या एफएम डायलवर ८८ पासून १०८ पर्यंत सुई फिरवली असती, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केवळ फुसफुस ऐकू आली असती. ज्यासाठी जग त्या यंत्राची स्तुती करत होते, तोच त्याचा भाग मुका होता. उरत होत्या मध्यम लहरी. पण त्या काळच्या बहुतेक स्टिरिओ रिसिव्हरांत तो विभाग उपचार म्हणून बसवलेला असे आणि लघुलहरी तर बहुधा नसतच. सिलोन नाही, बीबीसी नाही. जुन्या चित्रपटगीतांच्या बहुतेक तबकड्याही एकवाहिनी ध्वनिमुद्रणाच्या, म्हणजे दोन स्पीकरांतून एकच आवाज.

तेव्हा १९७८ साली भद्रावतीत घरी ऐकण्यासाठी उत्तम रिसिव्हर कोणता, याचे उत्तर संकोच न करता देता येते: तीस वर्षांचा जुना लाकडी मर्फी.

१२.
मात्र इतिहास एका बाजूला झुकून राहत नाही. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्रभर चालणारी ही वाहिनी साध्या ट्रान्झिस्टरवरही दणदणीत लागे. जानेवारी २०१९ मध्ये ती बंद झाली. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. दरम्यान चंद्रपूरचे आकाशवाणी केंद्र १०३ मेगाहर्ट्झवर एफएमने बोलू लागले होते. त्यातच घराघरांत एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर आले. त्यांची विद्युत खरखर मध्यम आणि लघु लहरींना ग्रासते. एफएमला ती फारशी बाधत नाही, कारण आर्मस्ट्राँगने एफएम घडवले तेच मुळी अशा खरखरीविरुद्ध.

तराजू पूर्ण उलटला. ज्या डायलवर एकेकाळी फुसफुस होती तेथे आज चंद्रपूर लागते. ज्या काचेवर अर्धे जग लिहिलेले होते, तेथे आज मुख्यतः शांतता आहे. यंत्रे तीच आहेत, एकही तार बदललेली नाही. बदलले ते आकाश.

१३.
म्हणून ज्यांना आज खरोखर जुना स्टिरिओ रिसिव्हर घेऊन ऐकायचे आहे, त्यांनी वॅटऐवजी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वीज. अमेरिकेसाठी बनलेले यंत्र १२० व्होल्टचे आणि जपानच्या घरबाजारासाठीचे १०० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावले तर जळेल. आखाती देशांतून आलेली निर्यात मॉडेले बहुधा २२० व्होल्टवर वळवता येतात.

दुसरी, एफएमचा पट्टा. जपानमध्ये एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर चाले. त्या बाजारासाठीच्या जुन्या यंत्रावर चंद्रपूरचे १०३ कधीही लागणार नाही, मग ते कितीही सुस्थितीत असो.

तिसरी, मध्यम लहरींची पायरी. १९७८ पासून आपल्याकडे स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचे अंतर आहे, अमेरिकेत १०. सुईच्या डायलला फरक पडत नाही. पण आकडे दाखवणारा अमेरिकी डिजिटल ट्यूनर ५८० वरून ५९० वर उडी मारतो आणि नागपूरचे ५८५ मधोमध राहून जाते.

चौथी, स्टिरिओचा मोह. दोन वाहिन्या वेगळ्या करताना क्षीण प्रक्षेपणात फुसफुस बरीच वाढते. केंद्रापासून दूर असाल तर मोनोचे बटण दाबावे. आवाज एकाएकी स्वच्छ होईल. दूर राहणाऱ्यांसाठी त्या बटणाइतके उपयुक्त दुसरे बटण त्या चंदेरी पटलावर नाही.

व्हॉल्व्हच्या सेटाविषयी एकच, पण गंभीर सूचना. माळ्यावरून काढून तो लगेच विजेला जोडू नये. आतील कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत गळके झालेले असतात आणि आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब खेळतो. काही सेटांचा धातूचा सांगाडाच थेट विजेला जोडलेला असतो. जाणत्या कारागिराकडून कंडेन्सर बदलून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

१४.
आता त्या घराच्या वादाकडे. काका म्हणतात ते ऐकण्याच्या दृष्टीने आज खरे आहे. त्यांचा रिसिव्हर दुरुस्त झाला तर सकाळी चंद्रपूर लागेल, संध्याकाळी मोबाइल जोडून गाणी वाजतील आणि आवाज भरदार येईल. आत्या म्हणते तेही खरे आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. काका विचारतात, यावर आज काय ऐकता येईल. आत्या विचारते, यावर तेव्हा काय ऐकले गेले. एकाच शब्दाखाली हे दोन प्रश्न लपले की भांडण होते, आणि बहुतेक घरांत भांडण संपायच्या आत भंगारवाला येऊन जातो.

अलीकडे तिसरा मार्गही लोकप्रिय झाला आहे. लाकडी पेटी ठेवायची, आतले सारे उपटून टाकायचे आणि ब्लूटूथ स्पीकर बसवायचा. दिसायला छान दिसते. पण असे केलेला रेडिओ हा पोकळ देवळासारखा असतो. व्हॉल्व्हवरील क्रमांक, कारागिराने पूर्वी दिलेले डाग, बदललेल्या भागांची पत्रे, पेटीच्या आत चिकटलेली दुकानाची चिठ्ठी, हा सारा पुरावा त्या एका दुपारी नष्ट होतो.

१५.
दुरुस्ती एकाचीच होणार असेल, तर ती काकांच्या रिसिव्हरची होवो. त्यात गैर काही नाही. पण उरलेले दोन सेट घराबाहेर जाण्यापूर्वी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक दुपार तरी त्यांना द्यावी.

डायलच्या काचेचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. काचेवर नागपूर आहे का, पाहावे. असेल, तर ती काच १९४८ च्या आधीची असण्याची शक्यता फार कमी. नसेल, तर तिच्या वयाचा शोध कदाचित आणखी मागे न्यावा लागेल. मागील पत्र्यावरील मॉडेल आणि अनुक्रमांक टिपावा. परवान्याची पुस्तिका शोधावी. एरियलची पट्टी भिंतीवर कोठे होती त्याच्या खुणा पाहाव्यात, कारण तो सेट कोणत्या खोलीत होता आणि म्हणून कोणाच्या ऐकण्यात होता, हे त्या खुणा सांगतात.

आणि जिला कोणी विचारलेच नाही, तिला विचारावे. कोणते स्टेशन तू स्वतः लावायचीस? कोणत्या वेळी? घरात कोणी नसताना की सर्वांसमोर? सिलोन लागायला किती वेळ लागे? आणीबाणीत रात्री आवाज कमी करून काय ऐकत? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अभिलेखागारात नाहीत. आकाशवाणीने काय प्रसारित केले, याच्या नोंदी कोठेतरी मिळतात. भद्रावतीच्या एका घरात त्यातले काय ऐकले गेले, हे फक्त ऐकणाऱ्याकडे असते, आणि ते रिसिव्हरप्रमाणे दुरुस्त करून परत मिळवता येत नाही.